पाटाकाठचं घर

सांता फे
५ एप्रिल १९९४

श्रीमती पेत्रोनिला माएस यांना
ओर्लिंदा आर्चुलेताचा नमस्कार.

आपली ओळख नाही, तरी लिहिते आहे. मी शाळेची बस चालवते. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी माझा एक थांबा आहे. गेल्या महिन्यापासून तुमच्या दारात ‘विकणे आहे’ची पाटी दिसते. दुपारनंतर मी वडिलांबरोबर पत्र्याचं काम करते. आरशांच्या चौकटी, मेणबत्तीचे कंदील, संतांच्या तसबिरींना महिरपी, असलं सगळं. दर उन्हाळ्यात चौकातल्या बाजारात आमचं दुकान असतं. कदाचित तुम्ही पाहिलंही असेल.

मागच्या शनिवारी आम्ही तुमचं घर बघून आलो. माझ्या वडिलांचं नाव तिबुर्सियो. वय एकोणऐंशी. ते स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी भिंतीला गाल लावला. दलाल बाईंना वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली. त्या धावत पाणी घेऊन आल्या. बाबा म्हणाले, “मला काही झालेलं नाही हो. भिंत आतून ओली आहे का ते बघतोय. कोरडी आहे. कुणीतरी जीव लावून सांभाळलीय.”

मग दलाल बाईंनी सांगितलं की ह्यूस्टनच्या एका जोडप्यालाही घर हवं आहे. उन्हाळ्यात ऑपेराच्या दिवसांत येऊन राहायचं, एरवी कुलूप. स्वयंपाकघराची भिंत पाडून तिथे काच लावायची म्हणतात. ते आमच्यापेक्षा जास्त द्यायला तयार आहेत, हे लपवत नाही. आम्ही मोरा गावातलं आमचं शेत चुलतभावाला विकून मागितलेली किंमत उभी करू शकतो, त्याहून वर नाही जाऊ शकत.

तुमचे चिरंजीव एलोय फोनवर म्हणाले, “घर आईचं आहे. ती हो म्हणाली की झालं.” म्हणून तुम्हालाच लिहिते आहे. आम्ही त्या घरात बाराही महिने राहू. एवढंच आमच्याकडे सांगण्यासारखं आहे.

आपली,
ओर्लिंदा


फिनिक्स
१९ एप्रिल

ओर्लिंदा,

तुझं पत्र मिळालं. अक्षर चांगलं आहे. बस चालवणाऱ्या बाईचं इतकं सरळ अक्षर मी पहिल्यांदाच बघते.

मोराचे आर्चुलेता म्हणजे कुठले? गिरणीजवळचे की चर्चच्या वरच्या अंगाचे? गिरणीजवळचे असाल तर तुझी आजी मला माहीत आहे. लग्नात नाचायला उभी राहिली की वाजवणारे दमायचे.

आता घराचं खरंखरं सांगते. फसवून विकायची मला सवय नाही. पश्चिमेच्या खोलीचं छत गळतं. कोपऱ्यातली चूल धुरकटते, डोळे चुरचुरतात. उंदीर आहेत. शेजारच्या सेलेदोनियोचे कोंबडे पहाट व्हायच्या आधीच सुरू होतात आणि त्याला सांगून काही उपयोग नाही, तो बहिरा आहे. गल्ली कच्ची आहे, मार्चमध्ये चिखलात गाडी रुतते. तू पन्नाशीकडे झुकलेली असशील, वडील ऐंशीला आलेले. तुम्हाला नवं, पक्कं घर बरं पडेल. दक्षिणेला किती बांधलीत हल्ली.

माझं इथे उत्तम चाललंय. मुलगा सोन्यासारखा आहे, सून शेरॉनही. एलोयनं माझ्यासाठी पलंग आणलाय. एक बटण दाबलं की डोकं वर येतं, दुसरं दाबलं की पाय वर येतात. दोन्ही दाबली की मी कागदाच्या होडीसारखी दिसते.

पाट सोडला का यंदा? वेळेवर साफ केला का? वरच्या अंगाचे लोक आळशी आहेत, कुणी ओरडल्याशिवाय फावडं उचलत नाहीत.

पेत्रोनिला माएस


सांता फे
८ मे

पेत्रोनिलाबाईंना नमस्कार.

आम्ही गिरणीजवळचे. माझ्या आजीचं तुम्ही लिहिलंत ते बाबांना वाचून दाखवलं, तर हसता हसता त्यांना ठसका लागला. म्हणाले, “बाईला खरंच माहीत आहे.”

पाट सोडला. तुम्ही विचारलंत म्हणून मी साफसफाईच्या दिवशी फावडं घेऊन गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. सेलेदोनियो म्हणाला, “तू कुठली?” मी कानाशी ओरडून सांगितलं, “पेत्रोनिला माएसच्या वाट्याचं काम करायला आलेय.” त्याने टोपी काढली आणि मला सर्वांत जास्त गाळाचा तुकडा दिला. वरच्या अंगाचे लोक खरंच आळशी आहेत.

गेल्या आठवड्यात गारांचा पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी दलाल बाईंकडून किल्ली घेऊन आम्ही पश्चिमेची खोली बघितली. छत कोरडं आहे. बाबांनी चुलीत कागद आणि पिन्योन पाइनच्या लाकडाच्या दोन ढलप्या पेटवल्या. धूर सरळ वर गेला. उंदीर नाही दिसले. म्हणजे घर तुम्हाला वाटतं त्यापेक्षा चांगलं आहे, हे कळवायला मला आनंदच होतो.

एक गोष्ट पहिल्या पत्रात लिहिली नव्हती. आम्ही भाड्याने राहतो ती जागा मालक पाडणार आहे. तिथे चित्रांचं दालन व्हायचंय. ऑगस्ट संपेपर्यंत आम्हाला निघायचं आहे. दया यावी म्हणून लिहीत नाही. तुमच्या उत्तराची घाई का आहे, ते कळावं म्हणून लिहिते.

पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीचा गिलावा सुटायला लागलाय. तुमची परवानगी असेल तर घर आमचं झालं नाही तरी मी येऊन लिंपून देईन. पावसाळ्यापर्यंत तसंच राहिलं तर मातीच्या विटा उघड्या पडतील.

आपली,
ओर्लिंदा


फिनिक्स
१२ जून

ओर्लिंदा,

‘बाई’ म्हणू नकोस. गल्लीत मला सगळे मावशी म्हणतात, माझ्याहून मोठा सेलेदोनियोसुद्धा.

भिंतीला हात लावू नकोस. म्हणजे लावायचा तर लाव, पण चर्चमागच्या टेकडीची माती घेऊ नकोस, तिला भेगा पडतात. नाल्याच्या वळणाची घे. गव्हाचं काड बारीक चिरून टाक आणि मिश्रण दोन दिवस मुरू दे. हाताने लाव. थापी नको. थापीने लावलेला गिलावा दिसतो छान आणि सुटतो लवकर. प्रोकोपियो, माझा नवरा, विटा पाडायचा आणि मी लिंपायची. शेवटची लिंपली ती परवाच्या उन्हाळ्यात, शिडीवर चढून. एलोयला सांगितलं नव्हतं.

जर्दाळूला यंदा फळ धरलंय का? पाच वर्षांतून एकदा धरतं. उशिराचं हिव पडलं की सगळं गेलं. मला फक्त एवढं सांग, धरलंय का.

विकण्याचं म्हणशील तर संत जॉनचा सण होऊन जाऊ दे. नाहीतर तुमचा बाजार होऊन जाऊ दे, मग बघू. एवढी कसली घाई? खरं म्हणजे माझं सामानही अजून तिथेच आहे. नोव्हेंबरमध्ये अंगणात घसरले, कमरेला लागलं, तेव्हा एलोय दोन आठवड्यांसाठी म्हणून घेऊन आला. दोन आठवड्यांचे कपडे आणले होते. नंतर शेरॉननं नवे घेतले, फुलाफुलांचे.

इथे बाहेर पाऊल टाकवत नाही. अंगणात कुंड्याही तापतात. पण घरात थंड असतं, यंत्र दिवसभर चालू असतं. सगळे माझी फार काळजी घेतात. मला ग्लासही विसळू देत नाहीत.

मावशी


सांता फे
२ ऑगस्ट

मावशी,

जर्दाळू धरलेत. फांद्या वाकल्या आहेत. सेलेदोनियो कुंपणावरून काढून खातो आणि मला बघितलं की आणखीनच बहिरा होतो.

आता जे लिहिते आहे ते तीनदा लिहून फाडलं.

खरं सांगते, तुमचं जूनचं पत्र आलं तेव्हा मला राग आला होता. मला वाटलं, तुम्हाला आम्ही नको आहोत. पत्रा ठोकणारे, मोराहून आलेले लोक. थेट नाही म्हणवत नाही म्हणून तुम्ही आज छत गळतं म्हणता, उद्या सण येऊ दे म्हणता. मी बाबांना म्हटलं, “म्हातारी आपल्याला झुलवतेय.” बाबा चौकटीची कड घासत राहिले.

शनिवारी बाजारात एलोय आमच्या दुकानाशी आले. घराचा निकाल लावायला दोन दिवसांसाठी आले होते. मोठा, मऊ माणूस आहे तुमचा मुलगा. एक लहान आरसा हातात घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, “ओर्लिंदा तूच ना? आईला तुझी पत्रं आली की ती दार लावून वाचते. मला वाटतं, तिला आणखी किंमत हवी असेल. तोंडाने सांगत नाही.”

मी म्हटलं, “त्या खूश आहेत का तिथे?”

“फार. कधी तक्रार नाही. काहीही विचारा, ‘तुला बरं वाटेल तसं कर, बाळा’ म्हणते.”

“त्यांना परत यायचंय का, असं कधी विचारलंत?”

त्यांनी आरसा खाली ठेवला. “तसं असतं तर बोलली असती ना. माझी आई न बोलणाऱ्यातली आहे का?”

मावशी, मी दुकानात बाबांना बसवलं आणि चर्चच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. तुमची पत्रं मला पाठ आहेत. त्यात ‘मला घर विकायचं आहे’ असं तुम्ही एकदाही लिहिलेलं नाही. पाट आहे, माती आहे, जर्दाळू आहेत. जे घर विकायचं असतं त्याचे दोष कुणी इतक्या हौसेने सांगत नाही, आणि जे सोडलेलं असतं त्याची माती कुठून आणायची ते कुणी इतक्या काळजीने सांगत नाही.

आम्ही मागणी मागे घेतली आहे. आज दलाल बाईंना सांगितलं. ह्यूस्टनवाल्यांना हो म्हणायचं की नाही ते तुमच्या हातात आहे. एलोयना मी कारण सांगितलेलं नाही. ते मी सांगायचं नाही.

पश्चिमेची भिंत लिंपून झाली आहे. नाल्याच्या वळणाची माती, काड बारीक, हाताने.

तुमची,
ओर्लिंदा


फिनिक्स
११ ऑगस्ट

ओर्लिंदा,

तुला कुणी सांगितलं होतं एवढं हुशार व्हायला?

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस चिडले होते. शेरॉनला वाटलं ताप आहे. तिने कपाळावर हात ठेवला. तशी तिच्या हातात माया आहे, पण मी तो झटकला आणि मग मलाच वाईट वाटलं.

काल जेवताना बोलले. एलोय मांस कापून माझ्या ताटात ठेवत होता, मला चावायला सोपं जावं म्हणून. मी म्हटलं, “मला घरी जायचंय.”

तो म्हणाला, “हे घरच आहे, आई.”

“हे तुझं घर आहे. छान आहे. मला माझ्या घरी जायचंय.”

त्याने काटा खाली ठेवला. “मग बोलली का नाहीस? नऊ महिने झाले!”

“कशी बोलणार? दुसऱ्याच आठवड्यात पलंग आला.”

“पलंगाचा काय संबंध?”

“इतका महागाचा पलंग. तू इतका खूश होतास. बटणं दाबून दाखवत होतास.”

ओर्लिंदा, माझा मुलगा अठ्ठावन्न वर्षांचा आहे आणि तो त्या टेबलाशी बसून लहानपणी रडायचा तसाच रडला, तोंड उघडं टाकून. मग हसायला लागला. शेरॉन आळीपाळीने आमच्याकडे बघत होती. शेवटी तीच उठली आणि माझी पेटी कपाटावरून काढली.

तिकडे शरदात मिरच्या भाजायला सुरुवात झाली की मी येते. पाटी काढायला सांगितली आहे.

तुझी जागा ऑगस्टअखेर जाणार होती. त्याचं काय झालं ते तू लिहिलं नाहीस.

मावशी


सांता फे
९ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

तुम्ही आलात हे कळलं. मंगळवारी बस थांबवली तेव्हा तुमच्या धुराड्यातून धूर येताना दिसला. मुलांना चढायला जरा जास्तच वेळ दिला मी त्या दिवशी.

भेटायला आले नाही म्हणून रागावू नका. थोडे दिवस ते घर न बघितलेलं बरं, असं वाटतं. तुम्ही समजून घ्याल.

आमचं ठीक आहे. सेरियोस रस्त्याच्या पार टोकाला, चाकांवरचं घर असतं तसा एक ट्रेलर मिळाला आहे. बाबा मजेत आहेत. कामही चालू आहे. इथून डोंगर सगळे दिसतात, मध्ये एक झाड नाही. फोन अजून नाही म्हणून गावातल्या गावात पत्र.

कमरेला जपा. अंगणात बर्फ पडण्याआधी मीठ टाका.

तुमची,
ओर्लिंदा


सांता फे
१२ डिसेंबर

ओर्लिंदा,

तू खोटं बोलतेस. सरळ अक्षरात बोलतेस म्हणून ते खरं होत नाही.

गुरुवारी मी सेलेदोनियोच्या नातवाच्या बायकोला म्हटलं, मला गाडीतून ने. तू बसवर होतीस. तिबुर्सियोने दार उघडलं. अंगात दोन कोट, डोक्यावर टोपी, घरात! वारा त्या पत्र्याच्या डब्याला असा हलवत होता की कॉफी बशीत सांडत होती. मी म्हटलं, “तिबुर्सियो आर्चुलेता, आयुष्यभर पत्रा ठोकलास, आता त्यातच राहायला गेलास?” तो इतका हसला की मला बरं वाटलं. मग मी विचारलं, काम कुठे करतोस? त्याने पलंगाखाली बघितलं. हत्यारं सगळी खोक्यांत. छिन्न्या फडक्यात बांधलेल्या. ऑगस्टपासून सोडल्या नाहीत म्हणाला, मेज ठेवायला जागा नाही. “पोरीला सांगू नकोस की मी सांगितलं,” असंही म्हणाला. म्हणून मी तुला सांगते.

आता माझं ऐक. मी पण तुला सगळं खरं कुठे सांगितलं होतं?

परत आले तेव्हा पहिले आठ दिवस मी नुसती खोल्यांमधून फिरत होते. भांडी हाताने विसळली. कोंबड्यांच्या आवाजाने जागी झाले आणि पडून ऐकत राहिले. मिरच्यांच्या माळा बांधल्या. जे हवं होतं ते सगळं मिळालं मला. पण नोव्हेंबर लागला आणि लाकडं आत आणणं जमेना. एक ढलपी आणते, बसते, दुसरी आणते, बसते. दोनदा चूल विझली. एकदा पाटाकडच्या दारात घसरले, लागलं नाही, पण उठवायला कुणी नव्हतं. सेलेदोनियोला हाका मारल्या. तो बहिरा. शेवटी त्याचा कुत्रा आला आणि माझं तोंड चाटत बसला. एलोय रोज फोन करतो आणि मी रोज सांगते, मजेत आहे. म्हणजे पुन्हा तेच सुरू झालं, पत्ता तेवढा बदलला.

परवा मी त्याला फोन केला. आपणहून. म्हटलं, “मला घर विकायचंय. त्या बसवालीला. आधी ठरलेल्या किमतीत. आणि मी त्यातच राहणार आहे, मरेपर्यंत.”  तो म्हणाला, “आई, हे तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेस का?” मी म्हटलं, “नाही. मला हवंय म्हणून सांगते.” तो म्हणाला, “मग मी वकिलाला फोन करतो.” तुम्ही घ्यायचं, राहायचं, आणि माझ्या हयातीपर्यंत एक खोली माझी, असा कागद होतो म्हणे.

मी पाटाकडच्या मागच्या खोलीत जाईन. पुढची उन्हाची खोली तुमची. पश्चिमेच्या खोलीत तिबुर्सियोचं मेज बसेल, मी मोजलंय. ठोकाठोकीचा मला त्रास होणार नाही. इतके दिवस नुसत्या घड्याळाचा आवाज ऐकलाय.

आता नीट वाच. मी तुमच्यावर उपकार करत नाही. तुम्ही बिचारे म्हणूनही करत नाही. एप्रिलमध्ये तू मागत होतीस आणि मी टाळत होते. आता मी मागते आहे. तू टाळलंस तर तुझा हक्क आहे. पण मग निदान लाकडं आत आणून देऊन टाळ.

मावशी


सांता फे
शनिवार

प्रिय मावशी,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. तुमच्यासमोर मला बोलता येणार नाही, रडू येईल, म्हणून लिहून आणलं आहे आणि दाराखालून सरकवते आहे. चष्मा लावा. सावकाश वाचा.

हो.

पण माझीही एक अट आहे. उन्हाची खोली तुमची. मागची आमची. त्यावर वाद घालायचा नाही. बाबांना मी आयुष्यभर ओळखते, ते पत्र्याशी बसले की ऊन आहे की सावली त्यांना कळत नाही, आणि मी दिवसभर बसमध्ये असते. तुम्ही घरात असता. ऊन तुमचं.

मोराच्या चुलतभावाला काल निरोप पाठवला. तो म्हणाला, “मी तर एप्रिलपासून वाट बघतोय.”

तुमचं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. हत्यारांचा भाग आला तेव्हा ते खिडकीबाहेर बघायला लागले. मी म्हटलं, “तुम्ही मला का नाही सांगितलंत?” ते म्हणाले, “तू इतकी धडपडून ती जागा शोधलीस. कसं सांगू?” मावशी, मी हसले, मग मला हसवेना. आपण सगळीच अशी कशी हो? ज्यांच्यावर जीव आहे त्यांनाच सांगत नाही. माझ्यापुरतं मी आजपासून ठरवलंय. मला त्या ट्रेलरची भीती वाटायची. वारा सुटला की मी उठून बसायची. झालं, सांगितलं.

या शेवटच्या ओळी तुमच्या पायरीवर बसून लिहिते आहे. आता दार उघडा. आम्ही बाहेरच आहोत. बाबा सकाळी सहापासून टोपी घालून ट्रकमध्ये बसले होते आणि सबंध रस्ताभर हत्यारांचं खोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही. आत्ता वाजला तो हॉर्न त्यांचाच. सेलेदोनियोलासुद्धा ऐकू गेला, तो कुंपणाशी येऊन उभा आहे.

ओर्लिंदा